मदत हवी आहे: शब्दगटातली मुलं जोडाक्षरांशी अडतात
कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली (जि. बेळगाव) मराठी शाळा, चौथी-पाचवी एकत्र, शिक्षक एकच. इयत्ता न बघता वाचनाच्या पातळीवर गट केलेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, रोज एक तास. अक्षरगट पटापट सरकतो, गाडी अडते शब्दगटात. 'पाऊस' सहज वाचतात, 'रस्ता' आलं की 'रसता', नाहीतर चित्र बघून ठोकून देतात. कन्नडमध्ये जोडाचं दुसरं अक्षर खाली लटकतं, मराठीत पहिलं अर्धं होतं. गोंधळ तिथलाच असावा. नलि-कलीची (कर्नाटकातली खेळत शिकण्याची सरकारी पद्धत) कार्डं तिसरीपर्यंतचीच.

उभ्या दंडाची अक्षरं (स्, त्, ल्) आधी आणि 'र'चे प्रकार शेवटी, हा क्रम कुणी लावलाय का? एका गटापाशी बसल्यावर बाकीच्या तिघांना काय द्यावं? फेरचाचणीला वेगळे उतारेही हवेत, जुने पोरांना तोंडपाठ झालेत.