अनुभव धागा: झाडू एकच, मस्टर दोन

मी एका महापालिकेच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी, सहा वर्षं ठेकेदाराकडून डेटा एंट्रीचं काम केलं. सकाळी साडेसहाला हजेरी लागायची आणि टेबलावर दोन मस्टर असायची, एक कायम कामगारांचं आणि एक ठेक्याच्या लोकांचं. झाडू एकाच ढिगातून उचलायचे, रस्ता तोच, मुकादम तोच. महिना संपला की एकाच्या खात्यात पन्नास हजारांच्या वर आणि त्याच्या जोडीदाराच्या खात्यात सोळा हजार, तेही पंधरा तारीख उलटून गेल्यावर. दोन्ही याद्या मीच टाइप करायचे, त्यामुळे आकडे अजून डोळ्यासमोरून जात नाहीत. ज्यांनी महापालिका, नगरपालिका, झेडपी, ग्रामपंचायत यात कुठेही असं बघितलंय किंवा भोगलंय त्यांनी लिहा. ऑफिसचं आणि माणसांचं नाव नको, अनुभव हवा.

घंटागाडी, ठेका, नऊ वर्षं
आमच्या बायकांचं एटीएम कार्ड पहिली दोन वर्षं सुपरवायझरच्या खिशात असायचं. कागदावर पूर्ण किमान वेतन दाखवायचे, पैसे जमा झाले की दोन हजार परत द्यायचे, नाही दिले तर दुसऱ्या दिवसापासून गाडीवर नाव नाही. पीएफ कापतात म्हणून सांगायचे पण मुलीने मोबाइलवर पासबुक उघडून दाखवलं तेव्हा पाच महिन्यांचा भरणाच नव्हता. आणि खरं सांगू का, पैशापेक्षा मला गमबूट लागले. पावसाळ्याच्या आधी कोठीत बूट आले, ते फक्त कायम लोकांचे. आम्ही चपलेवर. त्या जुलैत पायात काच घुसली, मी घरी बसले चार दिवस, चारही दिवसांचा पगार कापला. माझ्यासोबतच्या कायम मावशीने तिचा एक जुना जोड आणून दिला, एक नंबर मोठा होता, आत कापड कोंबून तो मी दोन पावसाळे वापरला.

कायम कामगार, वारसा हक्काने लागलो
मी दुसऱ्या बाजूचा आहे तरी लिहितो. वडील गेल्यावर लाड-पागे समितीच्या शिफारशीवर (सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी) मला नोकरी लागली, सातवा वेतन आयोग आहे, घाणभत्ता आहे, दिवाळीला सानुग्रह अनुदान आहे. हे कुणी फुकट नाही दिलं, आमच्या आधीच्या लोकांनी संप करून मिळवलंय, त्यामुळे कायमवाल्यांना फार मिळतं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ठेक्याच्या पोराला आमच्याइतकं मिळायला पाहिजे, आमचं कमी करून नाही. पण एक कबूल करतो. गटाराचं चेंबर तुंबलं की आत हात घालायला आम्ही ठेक्याच्या पोराला पुढे करायचो. तो नाही म्हणू शकत नाही हे आम्हाला माहीत होतं. एकदा त्याच जागी माझा सख्खा भाचा उभा होता, त्याच्या मानेपर्यंत घाण आली होती, त्या दिवसापासून मी कुणाला पुढे केलं नाही.

ग्रामपंचायत, पाणीपुरवठा
शहरात निदान ठेकेदार तरी दिसतो. आमच्याकडे पगाराचा एक भाग शासनाकडून आणि उरलेला ग्रामपंचायतीने स्वतःच्या वसुलीतून द्यायचा. घरपट्टी पाणीपट्टी वसूल झाली नाही की ग्रामसेवक म्हणतो तूच जा वसुलीला, तुझाच पगार त्यात आहे. म्हणजे ज्यांना सकाळी पाणी सोडतो त्यांच्याच दारात संध्याकाळी स्वतःच्या पगारासाठी उभं राहायचं. माझा ग्रामपंचायतीचा हिस्सा अकरा महिने थकला होता. झेडपीचा शिपाई माझ्यासारखाच बारावी, त्याला वेतनश्रेणी. झेडपीच्या भरतीत आमच्यासाठी 10 टक्के जागा आहेत, त्याची वाट बघत माझ्याबरोबरच्या एकाचं वय निघून गेलं.

झेडपी शाळा
2019 ला शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीची तीन वर्षं मानधनावरची शिक्षिका, म्हणून लागले. तीन वर्षं महिना 6,000. शेजारच्या वर्गावरच्या सरांना पूर्ण पगार आणि मुलं माझ्याकडे जास्त. 2023 मध्ये मानधन 16,000 झालं तेव्हा माझी तीन वर्षं संपलेली होती. आनंद झाला, रडूही आलं.

लिपिक
एवढंच सांगतो, एका टेबलावर आम्ही दोघं. तो 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागला, मी नंतर. त्याला जुनी पेन्शन, मला नाही. काम वाटून घेताना तारीख कुणी विचारत नाही.

कामगार कोर्टात काम करतो
वर वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या कलम 39 मध्ये आहे. 26 ऑक्टोबर 2016 ला सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की नियमित कर्मचाऱ्याचंच काम करणाऱ्या हंगामी माणसाला निदान त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. मग अडतं कुठे, तर पालिका म्हणते हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे. सगळी लढाई तिथे होते. मुंबईतल्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय 2017 मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला, पण तिथवर पोचायला कितीतरी वर्षं गेली. म्हणून हात जोडून सांगतो, मस्टरचा फोटो, आयकार्ड, पीएफ नंबर, मुकादमाने कामाचा रूट लिहून दिलेली चिठ्ठी, काही म्हणजे काही फेकू नका. तुम्हाला काम कोण नेमून देतो हे त्यातूनच दिसतं.

आईबद्दल
माझी आई एकवीस वर्षं एकाच प्रभागात झाडत होती, मागच्या वर्षी थांबली. ग्रॅच्युइटी विचारायला गेलो तर म्हणाले आमच्याकडे फक्त दोन वर्षं झाली, आधीचा ठेकेदार वेगळा होता. दर दोन-तीन वर्षांनी कंपनीचं नाव बदलायचं, आईचा रस्ता कधीच बदलला नाही. वरचं वाचून पत्र्याची पेटी काढली. बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात बांधून आईने आठ आयकार्डं ठेवलीत, आठही वेगळ्या कंपन्यांची, प्रभाग क्रमांक सगळ्यांवर तोच आणि फोटोही तोच, केस काळे असतानाचा. सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या. सोमवारी तिला घेऊन युनियनच्या ऑफिसात जातोय.