अक्कलदाढ, ओठाची गाठ, गालावरचे टाके : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

माझ्या मुलीची खालची अक्कलदाढ काढायची ठरली आहे. डॉक्टरांनी ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) बोट ठेवून दाखवलं : दाढ आडवी आहे, पुढच्या दाढेला जाऊन टेकली आहे. हिरडी उघडायची, थोडं हाड काढायचं, दाढेचे तुकडे करून ते बाहेर घ्यायचे. खुर्चीत काय होणार ते नीट कळलं. पण घरी आल्यावर रात्र कशी जाते, जेवायचं काय, कॉलेजला कधी जाता येतं, हे सोसलेल्यांनीच सांगावं. दाढच असं नाही, तोंडावर किंवा चेहऱ्यावर कुठलीही छोटी शस्त्रक्रिया झाली असेल तर लिहा. पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

इंदिरानगर
ताई, मुलीला आधी एक सांगून ठेवा. भुलेच्या इंजेक्शनात बऱ्याचदा ॲड्रेनालिन असतं, त्यामुळे मिनिटभर छाती धडधडते. मी घाबरले होते, ते आपोआप शमलं. नंतर दुखत नाही, पण दाब जाणवतो, जबडा ओढल्यासारखा वाटतो आणि मशीनचा आवाज थेट डोक्यात घुमतो. दुखलंच तर हात वर करायचा, अजून भूल देतात. ओठ आणि जीभ काही तास बधीर राहतात, तोवर काही चावायचं नाही. दाढेच्या जागी ठेवलेला गॉजचा (जाळीदार कापडाचा) बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, मध्ये मध्ये विश्रांती देत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. तेव्हा वाटतं काहीतरी बिघडलं, पण तिथूनच ती उतरायला लागते. मी गार केलेली भगर, मऊ वरणभात आणि ताक यांवर होते. ताक वाटीने प्यायचं, स्ट्रॉ नको. मिसळीचा रस्सा मात्र जखम भरेपर्यंत नाही म्हणजे नाही.

सातपूर
स्ट्रॉ का नको ते मी सांगतो. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. जखमेवर खपली असते तशीच ती. ओढून पिणं, जोरात थुंकणं, जोरजोरात गुळण्या, सिगारेट, कशानेही ती निघू शकते आणि खालचं हाड उघडं पडतं. माझ्या धाकट्या भावाचं तेच झालं. दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला गेला, जेवणाच्या सुट्टीत सिगारेट ओढली. तिसऱ्या रात्री कानापर्यंत ठणका, गोळीलाही दाद नाही. ड्राय सॉकेट म्हणतात याला. डॉक्टरांनी खड्डा धुतला, औषधाची पट्टी भरली, आणि घरी येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. त्यामुळे दुखणं दोन दिवसांनी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर घरात लवंग धरून बसू नका, दाखवा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चोवीस तासांनंतर, त्याही हलक्या.

पंचवटी
आमच्या मुलाच्या खालच्या ओठात आतून निळसर, मऊ फोड आला होता. फुटायचा, पुन्हा यायचा. ओठ चावायच्या सवयीने लाळेच्या बारीक ग्रंथीची नळी तुटते आणि लाळ तिथेच साचते. म्युकोसील. आम्ही इथल्याच केबीएच दंत महाविद्यालयात दाखवलं. शिकाऊ डॉक्टर करतील म्हणून आजी नको म्हणत होत्या, पण मोठे सर शेजारी उभे होते आणि सगळं समजावून सांगत होते. नुसता फोड फोडून उपयोग नसतो, खालची ग्रंथीही काढावी लागते, नाहीतर पुन्हा होतो. मुलांच्या बाबतीत खरी राखण भूल उतरेपर्यंत करायची. बधीर ओठ ती गंमत म्हणून चावतात आणि मोठी जखम करून ठेवतात.

नाशिकरोड
गालावर सिस्ट, म्हणजे कातडीखाली पिशवी असलेली गाठ. थोडक्यात लिहितो. पिकलेली असताना पूर्ण काढत नाहीत, आधी पू काढून शांत होऊ देतात. पिशवीसकट निघाली तरच सुटका. चेहऱ्याचे टाके लवकर, साधारण पाच-सात दिवसांत काढतात. व्रण वर्षभर बदलत राहतो, उन्हात काळा पडतो. टोपी आणि सनस्क्रीन सोडू नका.

सिडको
माझ्या मिस्टरांना तिखट झोंबायला लागलं होतं, तोंड कमी उघडत होतं, आणि गुटखा धरायच्या जागी गालात आतून पांढरा चट्टा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासू. घरात सगळ्यांचं एकच, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो. मी डॉक्टरांना सर्वांसमोर विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, तुकडा काढल्याने पसरत नाही, न तपासल्याने वेळ जातो. तपासणी खरंच छोटी होती. भूल, छोटासा तुकडा, दोन टाके, चालत घरी. रिपोर्टची वाट बघणं मात्र फार जड गेलं. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचा बदल होता. पुडी सुटली, तपासणी चालू आहे. भावांनो, तोंडातली जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवा, आणि तुकडा काढायला घाबरू नका. घरच्या बायकांनी तर हट्टच धरा.

देवळाली कॅम्प
वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. शेजारी म्हणाले, दाढेच्या आधी बंद करा. तसं स्वतःहून कधीच करू नका. दाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं करून द्या. आमची गोळी चालूच ठेवली, खड्ड्यात टाके घातले, रक्त थांबलं. मधुमेह किंवा हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं असली तरी आधीच सांगा.

निफाड
द्राक्षांची काढणी तोंडावर आहे आणि माझी दाढ ठणकतेय. काढून किती दिवसांनी बागेत जाता येईल?

इंदिरानगर
दादा, पहिले दोन-तीन दिवस वाकणं आणि क्रेट उचलणं नको, रक्त पुन्हा सुरू होतं. शेडमध्ये बसून हिशेब, वजन बघणं जमेल. दुखणं थांबून थांबून येत असेल तर डॉक्टरांना विचारून तारीख काढणीनंतरची घ्या. पण ताप, पू, गिळायला त्रास किंवा जबड्याखाली सूज असेल तर काढणी भावावर सोपवा आणि आजच नाशिकला या.