पेशींतली 'सर्किटं' म्हणजे चोचले? – त्या पोस्टला उत्तर

पिपेटवाला
"रोगप्रतिकारक पेशींत सर्किटं बसवायचे चोचले पुरे, तो निधी आहे त्या कार-टी स्वस्त करायला वापरा" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा. नव्यांसाठी: कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) काढून, त्यांत कर्करोगाची खूण ओळखणारं 'कार' हे प्रथिन बसवून परत देणं.

2010 साली प्रसिद्ध झालेली केस आठवा. आतड्याचा कर्करोग पसरलेल्या रुग्णाला गाठीवरचं एचईआर-2 हे प्रथिन ओळखणाऱ्या कार-टी पेशी दिल्या. तेच प्रथिन फुफ्फुसात किंचित असतं, आणि पेशीला 'किंचित' कळत नाही. काही मिनिटांत श्वास अडकला, पाच दिवसांत माणूस गेला. "दोन खुणा पटल्या तरच मार" हे पेशीला शिकवणं म्हणजे सर्किट, त्यातही 'गेट'. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेने 2016 मध्ये सिन-नॉच (पेशीवर बसवलेला कृत्रिम रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन) वापरून हे उंदरांत करून दाखवलं: पहिली खूण भेटल्यावरच पेशी दुसरी ओळखणारा कार बनवते. याला चोचले म्हणायचं असेल तर त्या रुग्णाच्या घरच्यांसमोर म्हणा.

तिरकस
पोस्ट माझीच होती. घरच्यांना मध्ये आणलंत म्हणजे मुद्दे संपले असं धरतो. 2016 पासून सिन-नॉचचं एक मंजूर औषध दाखवा. घन गाठीवरची (रक्ताच्या कर्करोगावरची नव्हे) पहिली जनुक बदललेली टी-पेशी अमेरिकेत 2024 मध्ये मंजूर झाली, सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कर्करोगासाठी. त्यात गेट नाही, सर्किट नाही. बदललेला टी-सेल रिसेप्टर (टी-पेशीत मूळचाच असतो तो), बास. 2017 मध्ये पहिली कार-टी आली ती 4,75,000 डॉलरला. अजून जनुकं कोंबून ती स्वस्त होणार?

पिपेटवाला
सार्कोमाचं मान्य. पण किंमत सर्किटमुळे नाही चढलेली, ज्याच्या त्याच्या पेशी वेगळ्या काढून वाढवाव्या लागतात म्हणून चढलीय. आणि पेनच्या (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या) कार-टी चाचणीतले पैसे तीन रुग्णांनंतर संपले होते, विसरलात? 2011 मध्ये त्या तिघांचे निकाल आले तेव्हा जग जागं झालं. तेव्हाही कोणीतरी 'चोचले'च म्हटलं असणार.

जुनीपेशी
पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही हेच करायचो, नाव 'जनुक अभियांत्रिकी' होतं. आता प्रस्तावात 'सिंथेटिक बायोलॉजी' लिहिलं की परीक्षकांचे डोळे चमकतात. असो. आमचा फ्लो सायटोमीटर (लेझरने एकेक पेशी तपासणारं यंत्र) दोन वर्षं प्लास्टिक पांघरून बसलाय. यंत्राला अनुदान मिळालं; देखभाल कराराला आणि चालवणाऱ्या माणसाला शून्य. लेझर गेला, विषय संपला. कार पेशीवर आलाय की नाही हे मोजायचं कशाने, डोळ्याने?

पेट्रीडिश
+१. आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही बंद. तिसरा मंजूर झालाय.

तिरकस
तिसरा!! आणि मी निधीबद्दल बोललो तर मी विज्ञानद्रोही.

पिपेटवाला
धागा यंत्रांचा नाहीये.

जुनीपेशी
निधीचा आहे ना? मग यंत्रांचाच आहे. तंत्रज्ञ कंत्राटी, अकराव्या महिन्यात घरी. नवा येतो, पुन्हा कंपेन्सेशनपासून (रंगांची सरमिसळ वजा करणं) शिकवा. तुम्ही गेट बांधा, आम्ही माणसं शोधतो.

पेट्रीडिश
आमचा तंत्रज्ञ आता ते यंत्र विकणाऱ्या कंपनीत आहे. दुरुस्तीला तोच येतो, तासाचे पैसे लावून.

रात्रपाळी
तुमचं चालू द्या. माझा भाऊ कार-टीच्या चाचणीत होता. मेंदूवर परिणाम होतोय का बघायला नर्स त्याला रोज वहीत एकच वाक्य लिहायला लावायच्या. तिसऱ्या दिवशी अक्षर वाकडं झालं, चौथ्या दिवशी नुसत्या रेघोट्या. स्वतःचं नाव आठवेना. ताप टॉसिलिझुमॅबने उतरला, डोकं ताळ्यावर यायला स्टेरॉइड आणि आणखी आठवडा लागला. मी डॉक्टरांना विचारलं, पेशी बंद नाही करता येत? म्हणाले, या नाही. 'या नाही' हे अजून डोक्यात आहे.

पिपेटवाला
आधीच स्विच बसवला असेल तर बंद करता येतात. कॅस्पेस-9 (पेशीला मरायला लावणारं प्रथिन) चा स्विच 2011 मध्ये प्रत्यारोपणाच्या चार रुग्णांत वापरला गेला. औषधाचा एक डोस, अर्ध्या तासात बदललेल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गारद.

तिरकस
रात्रपाळी, भाऊ बरा आहे ना आता?
ठीक आहे, स्विचला पैसे द्या. गेटला नाही.

रात्रपाळी
बरा आहे. वही मी ठेवलीय.

पिपेटवाला
अहो, स्विच हेही सर्किटच आहे.

तिरकस
मग प्रस्तावात 'स्विच'च लिहा. कमी खर्चिक वाटतं.

जुनीपेशी
कोणाकडे सायटोमीटरचा 488 नॅनोमीटरचा लेझर पडून आहे का?