नावाच्या रकान्यात मराठी चालतंय का ते पण बघा
वेबसाइटचा साइन-अप फॉर्म मोबाइलवरही नीट दिसावा म्हणून आधी मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम) पक्क्या करा असं सांगतात, ठीक आहे, पण फॉर्म एका कॉलमचा ठेवला तर त्यांची फारशी गरजच पडत नाही, खरी गंमत रकान्यांत आहे. इथे नाशकात सिडकोत आमच्या शेजारच्या पोरीने सराव म्हणून भजनी मंडळासाठी फॉर्म केला, दिसायला झकास, पण काकू लोकांनी मराठीत नाव टाकलं की 'नाव चुकीचं आहे' (सांगा आता काकूंना!). पॅटर्नमध्ये (रकान्यात कुठली अक्षरं चालतील ते ठरवणारा नियम) नुसतं ए टू झेड होतं. मग तिने युनिकोडचा (सगळ्या लिपींच्या अक्षरांची संगणकातली यादी) लेटर गट घातला तर कमल पास झाली आणि उषा अडली, कारण काना-मात्रा-वेलांट्या त्या गटात येतच नाहीत, त्यांचा मार्क नावाचा वेगळा गट आहे, तो पण घ्यावा लागतो, वर स्पेस. मी तर म्हणतो नावाला पॅटर्न लावूच नका, रिकामं नाही ना एवढं बघा बास.

आणि रकान्याचा (इनपुटचा) फॉन्ट 16 पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये त्यावर टॅप केल्या केल्या पान झूम होतं, त्यावर उपाय म्हणून व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये (पान मोबाइलच्या स्क्रीनवर कसं बसवायचं ते सांगणारी कोडमधली ओळ) झूमच बंद करू नका, फॉन्ट वाढवा.