पाप मनात की हातात?

तर्कटराव : ‘मध्ययुगीन चर्च म्हणजे पापाचं रेटकार्ड. पैसे मोजा, सुटा, जबाबदारी शून्य’ ही इथलीच पोस्ट वाचून डोकं फिरलं. टेट्झेल या पाद्र्याने पैसे घेऊन विकलेली माफीपत्रं १५१७ ची. त्याआधीचं काय? फ्रेंच धर्मपंडित आबेलार (मृत्यू ११४२) म्हणतो, वाईट इच्छा हे पाप नाही, नुसती कृतीही नाही. इच्छेला मनाने दिलेली संमती हे पाप. त्याच्या दाखल्यातल्या गरीब बाईकडे तान्ह्याला पांघरायला काही नाही. ती त्याला आपल्याच चिंध्यांत कुशीत घेते, डोळा लागतो, पोर गुदमरतं. त्याच्या लेखी ती निष्पाप.

खडूस_खानदेशी : पोस्ट माझीच. पुढचं बरं गाळलंत! बिशप त्या बाईला कडक प्रायश्चित्त देतोच, का तर बाकीच्या बायांनी सावध राहावं. आणि वोर्म्सचा बिशप बुर्चर्ड, त्याचं प्रायश्चित्तांचं पुस्तक? अमुक पाप, इतके दिवस भाकरी-पाणी. झेपत नसेल तर स्तोत्रं म्हणा, दानधर्म करा. रेटकार्ड नाही तर काय?

निशिगंध : ‘हेतू वाईट नव्हता’ ऐकलं की तिडीक जाते. बाबांना एका इस्पितळात दुसऱ्याच पेशंटचं इंजेक्शन टोचलं. मुद्दाम नाही झालं म्हणे. बाबा गेले ना? हेतू काय चाटायचाय?

तर्कटराव : वाईट वाटलं. पण तेराव्या शतकातला धर्मपंडित अक्विनासही तेच सांगतो : जे माहीत करून घेणं तुमचं काम होतं, ते निष्काळजीपणाने माहीत नसणं हेही पापच. नर्सने लेबल वाचायला हवं होतं.

निशिगंध : नर्सवर कशाला घसरताय? रात्री अख्खा वॉर्ड त्या एकटीच्या गळ्यात मारणाऱ्यांचं बोला. ते तुमच्या अक्विनासच्या कुठल्या खात्यात?

खडूस_खानदेशी : 😂 घ्या. बोला आता.

तर्कटराव : दात काढायची जागा आहे का ही?

मांडवीकाठ : भांडू नका. वर्षातून एकदा तरी कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली, हा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेचा. आमची आजी तो शेवटपर्यंत पाळायची. एकदा शेजारणीची कोंबडी ‘चुकून’ आमच्या खुराड्यात राहिली. पाद्रीबाब म्हणाले, आधी कोंबडी परत दे, मग माफीचं बघू. हात हलवत सुटका नव्हती हो.

खडूस_खानदेशी : कोंबडीपुरतं मान्य. सरदारांचं काय? १०९५ ला फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या धर्मसभेत ठरलं, क्रूसेडवर, म्हणजे धर्मयुद्धाला, जेरुसलेमला निघा, सगळं प्रायश्चित्त त्यातच धरू.

तर्कटराव : मानासाठी किंवा पैशासाठी नाही, निव्वळ भक्तीने निघालात तरच! तेही त्याच ठरावात आहे.

खडूस_खानदेशी : आणि ते तपासणार कोण? बरं, ‘रेटकार्ड’ मागे. ‘अटी लागू असलेलं रेटकार्ड’ म्हणतो. खूश?