मदत हवी आहे: सीक्वेन्सरवर (सूर-ठोके स्टेपस्टेपने भरून वाजवणारं मशीन) लहऱ्याचा लूप नेमक्या मात्रांचा कसा करायचा?

खर्जसाधक:
लहरा (आवर्तनभराची, फिरत राहणारी धून) रेकॉर्ड केला, ठेकाही (तालाचे ठरलेले बोल) भरला. प्ले केलं की पहिलं आवर्तन बरोबर, पुढे समच (आवर्तनाची पहिली मात्रा) सापडत नाही. टेम्पोला हात लावलेला नाही. शनिवारी कथकची तालीम आहे आणि पेटीवाले येणार नाहीत. लूप नेमका मात्रेवर कसा तोडायचा? कृपया लवकर सांगा.

तिस्रजाती:
मशीन कोणतं? ताल कोणता?

पेटीप्रेमी:
मशीनच्या लहऱ्यावर कथक करू नका, कळकळीने सांगतो. तिहाई (तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा) जरा पुढेमागे झाली तर पेटीवाला समेला सावरून घेतो. मशीन थांबत नाही. एखादा शिकणारा मुलगा बसवा पेटीवर.

खर्जसाधक:
@पेटीप्रेमी, मुलगा मिळाला असता तर धागा काढला नसता.
बीटस्टेप प्रो. रूपक (७ मात्रा), लय ९०. लहऱ्याला लास्ट स्टेप, म्हणजे लूपची शेवटची स्टेप, २८ दिलंय, मात्रेला ४ स्टेप.

स्टुडिओकर:
मिडी क्लॉकचा (यंत्रांना एका लयीत ठेवणारा सिग्नल) घोळ आहे. क्लॉक मात्रेला २४ पल्स पाठवतं, मधे काही गळलं की लय सरकते. केबल बदला, लॅपटॉपला मास्टर करा.

तिस्रजाती:
लहरा आणि ठेका एकाच डब्यात असतील तर केबल येते कुठे? खर्जसाधक, पुढे कधी परत जुळतं का?

स्टुडिओकर:
केबल तपासायला पैसे पडत नाहीत. मी लाइव्ह कार्यक्रमात हे भोगलंय.

खर्जसाधक:
डबा एकच, लॅपटॉप नाही. जुळतं, पण लहऱ्याची आठ आवर्तनं झाल्यावर. तोवर ठेका दर वेळी आणखी मागे पडत जातो.

तिस्रजाती:
मग सापडलं. आठ आवर्तनं म्हणजे ५६ मात्रा, आणि तेवढ्यात तुमचा ठेका सातच वेळा वाजतो. म्हणजे तो ८ मात्रांचा आहे. नीट ऐका, शेवटच्या 'ना'नंतर एक मात्रा रिकामी जात असणार. प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी असते, लहऱ्याचं २८ ड्रमला लागू होत नाही. ड्रमला दोन पूर्ण पानं दिलीत, एक पान १६ स्टेपचं, म्हणजे ३२ स्टेप. ड्रम ट्रॅक निवडा, लास्ट स्टेप दाबून धरा, दुसऱ्या पानावर जाऊन १२ नंबरची स्टेप दाबा. मग सेव्ह करा. पुढच्या वेळी आधी लांबी ठरवा, मग रेकॉर्ड करा.

बायाडग्गा:
समेवर किक (ड्रमचा जड ठोका) टाकलाय का? रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर असते, तीं तीं ना. बायाचा (डग्ग्याचा) घुमारा चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणजे स्टेप १३ आणि २१.

स्टुडिओकर:
गाण्यांच्या साथीत समेवर जोर देतातच की.

बायाडग्गा:
गाण्यात द्या. कथकला नको, नाचणाऱ्या मुलीचा हिशेब चुकतो.

गांधारपंचम:
तंबोरा त्याच लहऱ्याच्या ट्रॅकवर भरू नका. तो ट्रॅक एका वेळी एकच सूर धरतो. तंबोरा फोनवर लावा.

खर्जसाधक:
जुळलं!! रिकामी मात्रा खरंच होती. किकही समेवरून काढला. आता झपताल (१० मात्रा): ४० स्टेप ना?

तिस्रजाती:
हो, तिसऱ्या पानावरची ८. तीनतालाला चारही पानं, ६४. त्यापुढे जागा नाही, १६ मात्रांपर्यंत सगळं बसतं.

पेटीप्रेमी:
तालीम पुण्यात आहे का? असेल तर शनिवारी मी पेटी घेऊन येतो.