फियाटच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक: होज कोणते घ्यावेत आणि कसे बसवावेत?

सातारकर_११००

सर्व जाणकारांना नमस्कार.

वडिलांनी जपलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, आता माझ्याकडे आहे. चारही चाकांना मूळचे ड्रम ब्रेक आहेत. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना निम्म्या वाटेत पॅडल मऊ पडून जवळजवळ तळाला गेले. त्या दिवशी गाडीत आई होती, त्यामुळे पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा निर्णय घरी परतण्याआधीच झाला. प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीच्या पुढच्या डिस्क आणि कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) संच मिळाला असून स्टब अ‍ॅक्सलचे (चाक ज्यावर बसते त्या भागाचे) काम एका अनुभवी मिस्त्रींनी पूर्ण केले आहे.

आता प्रश्न होजचा, म्हणजे ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणाऱ्या लवचिक नळीचा, आहे. जुने होज नव्या कॅलिपरपर्यंत नीट पोहोचत नाहीत. ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्रांचे हायड्रॉलिक होज जिथे टोके दाबून तयार करून मिळतात, तिथून हव्या त्या लांबीचे करून घ्यावेत, त्यांची दाब सहन करण्याची क्षमता ब्रेकच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. हे योग्य ठरेल का? शिवाय रबरी होज घ्यावेत की स्टीलच्या जाळीचे, आणि लांबी कशी ठरवावी, याविषयीही मार्गदर्शन करावे.

कुपवाड_हायड्रॉलिक

नमस्कार. मी स्वतः अनेक वर्षे हायड्रॉलिक होज दाबण्याचेच काम करतो, म्हणून आग्रहाने सांगतो की आमच्याकडचा होज ब्रेकला लावू नका. मिस्त्रींचे दाबाविषयीचे म्हणणे खरे आहे, पण अडचण दाबाची नसून तेलाची आहे. यंत्रांचे हायड्रॉलिक तेल खनिज असते आणि त्यासाठीच्या होजचे आतले अस्तर सर्वसाधारणपणे नायट्राइल रबराचे असते. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइले ग्लायकॉलवर आधारलेली असतात. त्यांच्या संपर्कात नायट्राइल फुगते आणि मऊ पडते, आणि अस्तराचा सुटलेला तुकडा आतल्या आत झडपेसारखा अडकू शकतो. मग पाय दाबल्यावर तेल कॅलिपरपर्यंत जाते, पण पाय काढल्यावर परत येत नाही, आणि चाक धरून राहते. ब्रेकच्या रबरी होजचे अस्तर बहुधा ईपीडीएम या दुसऱ्या रबराचे असते. ते ग्लायकॉलमध्ये टिकते, मात्र खनिज तेलात खराब होते. म्हणूनच ब्रेकचे भाग डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची आपल्याकडची सवयही सोडावी.

ब्रेक होजला दाबाखेरीज सतत वाकणेही सोसावे लागते. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या मानकानुसार आतून ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचा होज ७००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आत फुटता कामा नये, आणि त्याच मानकात तो मिनिटाला ८०० फेऱ्यांनी ३५ तास झुलवून पाहण्याची स्वतंत्र चाचणी आहे. आमच्या दाबयंत्रावर तयार केलेल्या एखाद-दुसऱ्या नगाची अशी चाचणी होत नाही. तेव्हा ब्रेकसाठीच बनवलेला, मानक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला होज घ्यावा. दुकानाच्या माळ्यावर वीस वर्षे पडलेला ‘नवा’ होज मुळीच घेऊ नये.

पसरणीच्या_पायथ्याशी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. लांबी आणि बसवणे यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

मापासाठी जुना होज प्रमाण मानू नका. चॅसिसवरच्या ब्रॅकेटपासून कॅलिपरपर्यंत जाड वायरचा तुकडा होजच्या वाटेने वळवून धरा. चाक मोकळे लोंबत असताना स्टिअरिंग एका टोकापर्यंत आणि मग दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पाहा. नंतर खालच्या आर्मला जॅक लावून, सस्पेन्शन दाबलेल्या स्थितीत, तेच पुन्हा करा. सर्वांत ताणलेल्या स्थितीतही होज सैल राहिला पाहिजे आणि सर्वांत आखडलेल्या स्थितीत तो टायरला, रिमला किंवा आर्मला घासता कामा नये. जास्त लांब होज हा आखूड होजइतकाच वाईट असतो.

आट्यांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. ३/८ इंच यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे) हे इंचाला २४ आट्यांचे असते, म्हणजे व्यास ९.५३ आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) १.०६ मिलिमीटर. मेट्रिक एम १० चे बारीक आटे १ मिलिमीटर पिचचे असतात. दोन्ही सारखेच दिसतात, यूएनएफचा नट मेट्रिक भोकात हाताने फिरतोही, पण ती पकड खोटी असते आणि जोराच्या ब्रेकला आटे सोलून निघू शकतात. पिच गेज वापरूनच खात्री करा. धातूच्या पाइपच्या टोकाचा फ्लेअर (पसरवलेले तोंड) दुहेरी आहे की बबल (फुगीर), तेही होजच्या बैठकीशी जुळले पाहिजे.

बसवताना आधी कॅलिपरकडचे टोक घट्ट करावे, मग दुसरे टोक ब्रॅकेटमधून काढून क्लिप लावावी आणि शेवटी पाइपचा नट आवळावा. उलट क्रमाने गेल्यास होजला पीळ पडतो. होजवर छापलेली लांबट रेघ सरळ दिसली, तर पीळ नाही असे समजावे. बँजो बोल्ट (ज्याच्या आतून तेल जाते असा पोकळ बोल्ट) असेल, तर होजच्या त्यावर बसणाऱ्या कड्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर हवेत. आट्यांवर टेफ्लॉन टेप कधीही गुंडाळू नये.

जाळीचा होज कमी फुगतो, त्यामुळे पॅडल कडक लागते. पण त्याची जाळी शेजारच्या भागांना करवतीसारखी घासते आणि आतली पीटीएफई (टेफ्लॉन) नळी तीव्र वळणात मुडपते. शिवाय आतली खराबी बाहेरून दिसत नाही. घाटांत फिरणाऱ्या घरगुती गाडीला मी चांगला रबरी होजच निवडेन.

कऱ्हाड_गॅरेज

एक गोष्ट राहिली. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये (पॅडल दाबल्यावर तेलावर दाब आणणाऱ्या भागात) पुष्कळदा थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या मार्गात राहिली, तर पॅड चिकटून राहतात आणि दोष उगाच नव्या होजवर येतो. तसेच, कॅलिपरला ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा जास्त तेल लागते. त्यामुळे पॅडल फार खोल जात असेल, तर मास्टर सिलिंडरचा व्यास तपासावा, कारण ती उणीव होज बदलून भरून निघणार नाही. कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल झाले, तर हवा काढण्याचा ब्लीडर निपल खाली येतो आणि हवा निघत नाही, हेही पाहावे.

तुमच्या घाटातल्या अनुभवामागे तेलाने शोषलेला ओलावा असण्याची दाट शक्यता आहे, कारण ओले तेल लवकर उकळते आणि त्याच्या वाफेने पॅडल मऊ पडते. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

सातारकर_११००

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल मिस्त्रींना ही उत्तरे वाचून दाखवली आणि त्यांनी हायड्रॉलिक होजचा आग्रह लगेच सोडला. वायरने माप घेतल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक लोंबते ठेवले की जुना होज चार सेंटिमीटर अपुरा पडतो, हे दिसले. पिच गेज लावला, तेव्हा पाइपकडचे आणि कॅलिपरकडचे आटे वेगवेगळे निघाले. दोन्ही टोके लिहून घेऊन त्याच मापाचे, अलीकडच्या तारखेचे रबरी होज मागवले आहेत. मास्टर सिलिंडर आज उघडणार आहोत. होज बसवून हवा काढल्यावर पॅडल जोराने दाबून धरू आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून गळती तपासू. तोपर्यंत गाडी अंगणातून बाहेर काढणार नाही.